नवं खाऊन जा

शहापूर,
दि. ४ ऑगस्ट २०२४

ती. सावळीवन्सं यांस रविनाचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पाहून हसू नका. फोनवर तुमचं बोलणं रंगात आलं की वाडीतली रेंज जाते, आणि रेंज परत येईपर्यंत तुम्ही रागावून फोन कणगीवर ठेवून शेतात गेलेल्या असता. म्हणून ठरवलं, लिहायचं. आश्रमशाळेत तुमचं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं, असं तुमचा भाऊ सारखा सांगत असतो. आता ते दिसू द्या.

बातमी अशी, की आमचं जायचं नक्की झालं. आमच्या चर्चच्या मंडळीनं आम्हा दोघांना पाच वर्षांच्या सेवेसाठी मादागास्करला पाठवायचं ठरवलं आहे. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात मोठं बेट आहे, तिथं. मला एका मिशनच्या लहानशा दवाखान्यात नर्सचं काम, आणि जगनला खेड्यापाड्यांतून भात लावणाऱ्या लोकांत राहून प्रार्थना, शिकवणं आणि शेतीची मदत. नाताळ इथं करून मग निघा, असं पाळकसाहेब म्हणतात.

तिथली माती लाल असते म्हणे, आणि लोक तिन्ही वेळा भात खातात. जेवण उरकलं की भाताच्या करपलेल्या भांड्यातच पाणी उकळतात आणि तेच पितात. हे मी वाचून दाखवलं तर जगन असा खूश झाला, की जणू त्याची खरी सासुरवाडी तिथंच असावी. माझ्या आईच्या हातचं खाऊन तो कधी एवढा खूश झाला नाही.

संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले की हा खिडकीत बसलेला असतो. समोर माहुलीचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला. काय बघतोस विचारलं, तर म्हणाला, त्याच्या पलीकडं लगेच समुद्र असावा असं वाटतं. मीही त्याच्याशेजारी बसले. मलाही तसंच वाटायला लागलं, आणि चुलीवरचं दूध उतू गेलं.

तुमच्या मनात काय आहे ते मोकळेपणानं लिहा. दाजींना सलाम सांगा. रागावलात तरी तो आपल्या माणसावरचा राग असू द्या.

तुमची भावजय,
रविना

*

वाडी, म्हशाजवळ, ता. मुरबाड
दि. १५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रविना हिस सावळीचे अ. उ. आ. चि. जगन यास नुसता रामराम.

तुझं पत्र म्हशाच्या दुकानात पडून होतं. दुकानवाल्यानं त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला, तरी वाचता आलं. मी आधी एकटीनं वाचलं, मंग रुपालीच्या बाला वाचून दाखवलं. तो काय बोलला नाय. तो कधी काय बोलतो? बैलाला पाणी दाखवतो म्हणून गेला आणि लई उशिरानं आला. आल्यावर एवढंच म्हणाला, हा मादागास्कर कोण, आपल्या तालुक्यातला हाय का.

मला पहाटे सपान पडलं. आपल्या खालच्या खाचरात जगन रोपं लावतोय. आधी पाणी घोट्याला, मंग गुडघ्याला, मंग बांधच दिसंना. मी हाका मारतेय आणि तो मागं मागं सरकत लावत चाललाय. लावणीत माणूस मागंच सरकतो, ते मला कळतं. पण त्याचं तोंड माझ्याकडं होतं, हसत होता, आणि लांब लांब जात होता. पाणी सगळं चांदीसारखं. उठले तं कोंबडा ओरडत होता आणि उशी ओली.

आता माझं ऐक गो. मी तुझी नणंद हाय तशी सासूपण हाय. आई गेली तवा जगन माझं लुगडं धरून चालत होता. माझं लगीन पार डोळखांबला ठरलेलं. या पोराला कोण बघणार म्हणून मी ते मोडलं आणि जैतूला घरजावई करून घेतला. पुढं जगननं आपल्या मनानं तुमचा देव धरला. वाडी बोलली, मी आडवी आले नाय. तू घरात आलीस, तुला मी लेकीसारखं वाढलं. हाय का नाय?

पण एक काटा हाय तो हाय. आपल्या घरचं नवं तुला ठाऊक हाय. भात कापलं की नव्या तांदळाचा पहिला घास बांधावरच्या देवाला. मंग घरातल्या सगळ्या पोरांनी खायचं. सगळ्यांत शेवटी घरातली थोरली बाई खाणार. जगननं बाप्तिस्मा घेतल्यापासून या घरचं नवं तोंडात घातलं नाय. बाकी वर्षभर येतो, जेवतो, भांडतो, त्या दिवशी मात्र गायब. आता पाच वर्षं जाणार म्हणतो. त्याला सांग, कापणीला ये आणि नवं खाऊन जा. नाय खाल्लं तं माझ्याकडं आशीर्वाद मागू नको. मी जा म्हणणार नाय आणि जाऊ नको पण म्हणणार नाय. गप बसेन. माझं गप बसणं त्याला माहीत हाय.

तुला मी काकडीचं लोणचं घालून ठेवलंय, न्यायला ये. जास्त काय लिवू. तुझ्यावर माया हाय, त्याच्यावर राग हाय, दोन्ही हायेत तिथं राहू दे.

सावळी

*

तानसा,
दि. २९ ऑगस्ट २०२४

ती. सावळीवन्सं यांस सप्रेम सलाम. वि. वि.

आम्ही महिनाभर इथं शिबिराला आलो आहोत. परदेशी जाणारी आणखी काही जोडपी आहेत. सकाळी प्रार्थना, मग त्या बेटाची भाषा, दुपारी पुन्हा भाषा. माझी जीभ वळत नाही. जगनची वळते, कारण तो पाण्याच्या बाजूला फिरायला जातो आणि झाडांशी बोलून सराव करतो. सकाळी तलावावर धुकं इतकं दाट असतं, की पाणी कुठं संपतं ते कळत नाही. काल तो धुक्यातून चालत आला तेव्हा क्षणभर मला वाटलं, आम्ही तिकडं पोहोचलो आहोत आणि हा कुण्या परक्या गावातून घरी येतो आहे.

तुमचं पत्र मी त्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. नुसता रामराम ऐकून आधी हसला. मग नव्याचं आलं तेव्हा हसू गेलं. त्याचं म्हणणं तुम्हाला सांगते, माझं काही मिसळत नाही. तो म्हणतो, देवापुढं ठेवलेलं अन्न खायचं नाही असं मी बाप्तिस्मा घेताना मनाशी ठरवलं. तो शब्द मोडला तर तिकडं लोकांपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? आणि त्या दिवशी घरी आलो तर चारचौघांत बायला, म्हणजे तुम्हाला, नाही म्हणावं लागेल. तिला ते ऐकायला लागू नये म्हणून मी येत नाही. तुम्हाला वाटतं तो घर नाकारतो. तो म्हणतो, मी तिला दुखवू नये म्हणून लांब राहतो. दोघं बहीणभाऊ एकमेकांना जपता आणि एकमेकांना टोचता, काय म्हणावं तुम्हाला?

वन्सं, आमच्या मंडळीतही पहिलं पीक वेदीपुढं आणतात. मी लहानपणी शहापुरात डोक्यावर केळी घेऊन गेले आहे. मी जगनला म्हटलं, तुमचं एकच आहे, दार तेवढं वेगळं. तर म्हणाला, दारच तर वेगळं आहे. मग रात्री जेवलाच नाही.

मंडळी आमच्यासाठी पाठवणीची उपासना ठेवणार आहे. तुम्ही म्हणाल पाठवणी पोरीची करतात. पण मला खरंच तसं वाटतंय. त्याला तुमच्या आशीर्वादाशिवाय न्यायचं माझं धाडस नाही. काही वाट काढा. काढायची तर तुम्हीच काढाल.

लोणचं मी येऊन नेईपर्यंत दाजींपासून लपवा.

तुमची,
रविना

*

आसनगाव,
दि. १० सप्टेंबर २०२४

प्रिय मामीस रुपालीचा नमस्कार. वि. वि.

मामी, मी पत्र लिहितेय बघ, ऑफिसात कुणाला कळलं तर हसतील. पण व्हॉट्सअॅपवर टाकलं असतं तर मामानं वाचलं असतं, आणि हे आधी तुला सांगायचंय. गणपतीच्या सुट्टीत वाडीला गेले होते. आई दिवसभर शेतात आणि तोंडात एकच, भात कसं येतंय. वरच्या खाचरातलं हळवं, लवकर पिकणारं भात निसवलंय, कणसं बाहेर आलीत, त्याच्याकडं अशी बघते की मला हेवा वाटावा.

तुला माहितीय ना, आई भात खात नाही. विचारलं की म्हणते, साखर वाढलीय. मी गेल्या खेपेला तिला तपासणीच्या कॅम्पला नेलं होतं. काही साखरबिखर नाही, डॉक्टर म्हणाले माझ्यापेक्षा धडधाकट आहे. म्हणून या वेळी बाबांना धरलं. बाबा सलग एवढं बोलले हीच मोठी गोष्ट.

मामी, मामानं नवं खायचं सोडलं तेव्हापासून आईनंही खाल्लेलं नाही. घरातल्या सगळ्या पोरांनी खाल्ल्यावर थोरलीनं खायचं, आणि मामा तिच्या लेखी घरातलं पहिलं पोर. मी नंतरची. तो खात नाही, मग ती कशी खाणार? पहिल्या साली आधीचा जुना तांदूळ पुरवून खाल्ला, तो संपल्यापासून नाचणीची भाकर. आमच्या घरात कणगीभर भात आणि ते पिकवणारी बाई भाकर खाते. मी एवढी वर्षं तिच्यासमोर बसून भात जेवले आणि मला कळलं नाही. मला फार रडू आलं.

तिनं हे मामाला सांगायचं नाही म्हणून बाबांना शपथ घातलीय. मला नाही घातली. तू काय करायचं ते कर.

तू आणि मामा मला विसरू नका, बेटावरून काहीतरी पाठवा.

तुमची भाची,
रुपाली

*

तानसा,
दि. १९ सप्टेंबर २०२४

ती. सावळीवन्सं यांस सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र घाईत लिहिते आहे. आमची तारीख अलीकडं आली. तिथल्या दवाखान्यातली नर्स आजारी होऊन तिच्या देशी परत गेली, आणि ते म्हणतात लवकर या. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निघायचं आहे. म्हणजे कापणी नाही, नवं नाही, म्हशाची जत्राही नाही. जत्रेतून तुम्ही आम्हाला घोंगडी घेऊन देणार होतात, तिथं डोंगरावर थंडी असते म्हणून.

दुसरं सांगायचं ते सांगतेच. तुम्ही भात का खात नाही ते मला कळलं. रुपालीला बोलू नका, बोलायचं तर मला बोला. मी जगनला सांगितलं. तो ऐकून उठला आणि पाण्याच्या कडेनं चालत गेला. मी पाठीमागं गेले नाही. परत आला तेव्हा डोळे लाल होते. एवढंच विचारलं, भात अजून हिरवंच असेल ना? मी म्हटलं, हिरवंच. मग म्हणाला, मी काय करू रविना, मला दोन्हीकडून खोटं होता येत नाही.

वन्सं, मला भीती वाटते. समुद्राची नाही. तो पाच वर्षं तिथं लोकांबरोबर बसून भात खाईल आणि प्रत्येक घासाला त्याला तुमची भाकर दिसेल, याची. मी काही चांगली सून नाही, तुमच्या चालीरीती मला येत नाहीत, पण तुम्ही दोघं माझी माणसं आहात.

शनिवारी २८ तारखेला आम्ही निरोप घ्यायला वाडीला येतो. आशीर्वाद द्या किंवा देऊ नका, पण दार लावून शेतात निघून जाऊ नका. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची,
रविना

*

मादागास्कर,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. सावळीबाय हिस जगनचा मनापासून नमस्कार. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. रविनाला दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात एका बाळंतिणीनं आपलं मूल धरायला दिलं आणि ती आता इथलीच झाली. मी अजून झालो नाही. इथं लावणी चालू आहे. आपल्याकडं कापणी उरकली असेल आणि इथं चिखलात रोपं. सकाळी लाल वाटेनं चालायला निघतो, खाली धुकं आणि धुक्यात वाकलेल्या बायका. एकीची पाठ अगदी तुझ्यासारखी. झोप आणि जाग यांच्या मधे असल्यासारखा मी तिला हाक मारणार होतो. मारलीही असती, पण ती उठून उभी राहिली आणि दुसरीच कुणी झाली.

बाय, त्या शनिवारचं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तू आम्हाला घरात घेतलंच नाहीस. उंबऱ्यावरूनच वरच्या खाचराकडं नेलंस आणि विळा माझ्या हातात दिलास. मी म्हटलं, बाय, हळवं असलं म्हणून काय, दाणा अजून कोवळा आहे. तू म्हणालीस, काप. मग तिथंच तीन दगडांवर खापरात भाजलंस, दाजींनी उखळ वर आणून ठेवलं होतं, रविनानं आणि तू मिळून कांडलंस. हिरवे पोहे, वाफ येत होती. पळसाच्या पानावर माझ्यापुढं ठेवलेस आणि म्हणालीस, खा, अजून कुणाला दाखवलेलं नाय.

मला समजायला वेळ लागला. लहानपणी देवाच्या आधी एक कणीस चोळून खाल्लं म्हणून तूच मला फोकानं मारलं होतंस. त्याच हातानं तू पहिलं माझ्यापुढं ठेवलंस. मी डोळे मिटून प्रभूचे आभार मानले तेव्हा तू थांबलीस, माझं होईपर्यंत. मग मी खाल्लं, रविनानं खाल्लं, रुपालीनं, दाजींनी, आणि शेवटी तू. आमच्याकडं पाठ करून खाल्लंस. फार वेळ चावत होतीस. नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवलास तो पोह्यांच्या तुसानं भरलेला होता. मुंबईच्या विमानतळावर माझ्या केसांतून तूस निघालं, ते मी टाकलं नाही.

तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही, आता विचारतो. तुझ्या देवाचं काय केलंस? तुझी श्रद्धा मला माहीत आहे. पहिला मान चुकला तर पीक बसतं, घरावर येतं, असं तूच मला शिकवलंस. मी मानत नाही, पण तू मानतेस. तू मनातून भीत असशील, आणि मी इथं निवांत जेवत असेन, हे मला सोसत नाही. पीक कसं आलं ते खरं लिही. काही झालं असेल तर तेही लिही.

तुझ्या हाताखाली वाढलेला आहे, तिथंच असू दे.

तुझा,
जगन

*

वाडी, म्हशाजवळ, ता. मुरबाड
दि. १८ डिसेंबर २०२४

चि. जगन यास सावळीचे अ. उ. आ. चि. सौ. रविना हिसही तेच, आणि वर थोडे जास्त.

तुझं पत्र आलं. त्याच्यावरचं तिकीट रुपालीनं सोडवून घेतलं. तुझ्या दाजीनं पत्र हातात धरून उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, लई लांबून आलंय. मंग बैलाकडं गेला.

तू विचारलंस ते सांगते. भ्याले होते रे. खोटं कशाला सांगू. रविनाचं घाईचं पत्र आलं तवा मी चुलीपुढं बसून होते, आणि चूल विझली तरी बसून होते. मला कळंना, माझा देव मोठा का माझा पोर मोठा. तुला देवाचं उष्टं चालत नाय, आणि देवाला तुझं उष्टं कसं द्यायचं? मंग डोक्यात आलं, भात पिकलंच नाय तं त्याच्यावर अजून कुणाचाच हक्क नाय. पण ते मनाला समजावणं झालं. पहिलं ते पहिलंच, हिरवं असो नायतर पिवळं.

तुमी यायच्या आधी मी एकटी बांधावर गेले. देवापुढं बसले आणि सांगितलं, तुझा मान पहिला हाय, मी नाय म्हणत नाय. माझ्या बाच्या हातून घेतलास, माझ्या हातून घेतोस. पण तू इथंच हायेस. तुला कुठं विमानानं जायचं हाय? पोरगा जातोय. त्याला आधी वाढते, तुला मागनं. राग आला तं माझ्यावर काढ, भातावर काढू नको. देव काय बोलला नाय. तोपण तुझ्या दाजीसारखाच हाय. मी उठले तं पोटात हलकं वाटलं.

कापणी झाली तवा देवाला रीतीनं दिलं. चांगो, जो आपल्या वाडीत देवाचं बघतो, त्याला सगळं खरं सांगितलं. म्हातारा रागावेल वाटलेलं. त्यानं विडी ओढली आणि म्हणाला, एक नारळ जास्त फोड. फोडला. पीक चांगलं आलं. खालच्या कोपऱ्यात डुकरं शिरली, पण ती दरसाल शिरतात, त्याच्याशी तुझा संबंध नाय. तू उगाच तिकडं बसून मनाला लावून घेशील म्हणून लिवलं.

रविना, तुझा नाताळ आला. मी रुपालीला सांगून आसनगावात तुमच्या देवळात एक मेणबत्ती लावायला दिलीय. मला रीत माहीत नाय, चुकलं असेल तं तुझ्या देवाला सांग की बाई अडाणी हाय पण मनानं दिलंय. आणि त्या बाळंतिणीच्या पोराला दृष्ट लागू देऊ नको.

आता मी भात खाते. सकाळी खाते, रातीपण खाते. पहिल्या दिवशी तुझ्या दाजीनं माझ्या ताटाकडं बघितलं आणि स्वतःच्या ताटातला भात माझ्या ताटात लोटला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. एवढ्या वर्षांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. तो माझ्यासमोर भात खात होता आणि मी भाकर, हे त्याला काय झालं असेल, मी कधी विचारच केला नाय. मी देवाचं बघितलं, तुझं बघितलं, त्याचं बघायचं राहिलं.

म्हणून जगन, पुढच्या साली नवं निघेल तवा तू इथं नसशील. त्याच्या पुढच्या सालीपण नसशील. रीत म्हणते थोरलीनं थांबायचं. मी थांबणार नाय. तू तिथं त्या लोकांत बसून त्यांचं नवं पोटभर खा, मनात काय आणू नको. मी तुझी वाट बघेन, पण जेवून बघेन.

तिकडच्या तुमच्या माणसांना माझा रामराम सांगा, त्यांना कळला नाय तरी सांगा.

तुमची,
सावळीबाय